मुक्तीची वार्ता आणि अडीच वर्षांचा उशीर



मिसर देशाच्या दास्यगृहातून इस्राएल लोक निघाले त्या रात्रीच त्यांना आज्ञा झाली की, हा दिवस पिढ्यानपिढ्या पाळा, आणि तुमची मुले या विधीचा अर्थ विचारतील तेव्हा त्यांना तो सांगा (निर्गम १२:१४, २६). म्हणजे मुक्तीचा सण नुसता पाळून भागत नाही, त्याचा अर्थही सांगावा लागतो. अर्थ सांगणे थांबले की सणात फक्त जेवण उरते.

दास्यमुक्तीचा असाच एक सण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दर वर्षी १९ जून रोजी पाळला जातो. 'जून' व 'नाइन्टीन्थ' हे दोन शब्द लोकांच्या तोंडी एक होऊन त्याला 'जूनटीन्थ' असे नाव पडले. जुने लोक त्याला योबेल दिवस असेही म्हणत, आणि हे नाव लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायातून आलेले आहे. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना या सणाची माहिती नसेल. पण त्याच्या पोटात एक असा प्रश्न आहे की जो सुवार्तेवर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

सणाचा इतिहास

२२ सप्टेंबर १८६२ रोजी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी पूर्वसूचना दिली की, बंड करून उठलेल्या ज्या प्रदेशांत १ जानेवारी १८६३ रोजीही बंड चालू असेल, तेथील सर्व गुलाम त्या दिवसापासून मुक्त होतील. ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोक ठिकठिकाणी जमले आणि प्रार्थना करीत, गीते गात मध्यरात्रीची वाट पाहात बसले. वर्षअखेरच्या जागरणाची उपासना मेथडिस्ट मंडळ्यांत पूर्वीपासून चालत आली होती. पण त्या रात्रीपासून कृष्णवर्णीय मंडळ्यांत तिला नवा अर्थ आला. आपल्या मंडळ्यांतही ३१ डिसेंबरच्या रात्री लोक जमतात. तेव्हा या जागरणाचीही आठवण व्हावी.

जाहीरनामा ठरल्या दिवशी निघाला. मात्र बंडात सामील न झालेल्या गुलामधारक राज्यांना तो लागू नव्हता, आणि बंडखोर राज्यांत तो तेथपर्यंतच चालला जेथपर्यंत उत्तरेची फौज पोहोचली. टेक्सास हे राज्य पश्चिमेच्या टोकाला होते. तेथे फौज फारशी गेलीच नव्हती. उलट इतर राज्यांतले कित्येक मालक आपल्या गुलामांना हाकीत टेक्सासात घेऊन गेले, कारण तेथे आपली ही 'मालमत्ता' सुरक्षित राहील असे त्यांस वाटले. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली शरण गेले. १४ एप्रिलच्या रात्री लिंकन यांच्यावर गोळी झाडण्यात आली व दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा अंत झाला. जाहीरनामा काढणारा मनुष्य कबरेत गेला, तरी टेक्सासातला गुलाम कापसाच्या शेतात राबतच होता.

शेवटी १९ जून १८६५ रोजी जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी गॅल्व्हस्टन बंदरात आपला तिसऱ्या क्रमांकाचा हुकूम जाहीर केला. त्या महिन्यात टेक्सासच्या किनाऱ्यावर उतरलेल्या फौजेत कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीही होत्या. हुकुमाचा आशय असा की, सर्व गुलाम मुक्त आहेत. पूर्वीचे मालक व पूर्वीचे गुलाम यांचे व्यक्तिगत हक्क आणि मालमत्तेचे हक्क अगदी समान आहेत. आणि यापुढे त्यांचे नाते काम देणारा व मजुरीने काम करणारा असे राहील. टेक्सासात त्या वेळी सुमारे अडीच लाख गुलाम होते. जाहीरनाम्याला तोपर्यंत जवळजवळ अडीच वर्षे झाली होती.

पुढच्याच वर्षापासून लोक हा दिवस पाळू लागले. प्रार्थना, गीते, जाहीरनाम्याचे वाचन, मग सर्वांचे एकत्र भोजन, असा साधा क्रम असे. सार्वजनिक जागा त्यांना सहज मिळत नसत. म्हणून १८७२ साली ह्यूस्टन शहरात पाळक जॅक येट्स व त्यांच्या सोबत्यांनी पैसे जमवून दहा एकर जमीन विकत घेतली, ती याच सणासाठी. हे येट्स स्वतः गुलामीत जन्मलेले बाप्टिस्ट उपदेशक होते. ती जागा आजही 'इमॅन्सिपेशन पार्क' या नावाने आहे. १ जानेवारी १९८० पासून टेक्सास राज्याने १९ जूनची सुटी कायद्याने मान्य केली. फोर्ट वर्थच्या एक वृद्ध शिक्षिका ओपल ली यांनी २०१६ साली, वयाच्या नव्वदीत, ही राष्ट्रीय सुटी व्हावी म्हणून गावोगावी अडीच-अडीच मैल पायी चालून लोकांना आवाहन केले. मैल अडीचच का, तर उशीर अडीच वर्षांचा झाला होता म्हणून. १७ जून २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी या सुटीच्या कायद्यावर सही केली, तेव्हा ओपल ली ९४ वर्षांच्या होत्या व त्या प्रसंगी हजर होत्या.

तो मुक्त होता काय?

आता प्रश्नाकडे वळू. १ जानेवारी १८६३ पासून १९ जून १८६५ पर्यंत टेक्सासातला गुलाम मुक्त होता की गुलाम होता?

कोणी म्हणेल, तो मुक्तच होता, फक्त त्याला ते ठाऊक नव्हते. दुसरा म्हणेल, ज्याच्या पाठीवर आजही कोरडा पडतो त्याला मुक्त म्हणणे ही थट्टा आहे. आम्हांस वाटते की या दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे, आणि दोन्ही एकत्र धरल्याशिवाय या प्रश्नाचा उलगडा होत नाही.

हक्काने तो मुक्त होता. हे धरून ठेवलेच पाहिजे. कारण तो मुक्त नव्हता असे म्हटले, तर मालकाने त्या अडीच वर्षांत काही अपराध केला नाही असे होईल. खरे पाहता देवापुढे तो जन्मापासूनच मुक्त होता. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाने निर्माण झाला आहे, आणि देवाचे प्रतिरूप बाजारात विकण्याचा अधिकार कोणत्याही सरकारने कोणालाही दिला तरी तो अधिकार होत नाही. लिंकन यांनी त्याला काही नवे दिले नाही. जे त्याचेच होते ते नाकारणे थांबवले. म्हणून त्या अडीच वर्षांची प्रत्येक दिवसाची मजुरी ही चोरलेली मजुरी होती. याकोबाच्या पत्रात (५:४) अडकवून ठेवलेल्या मजुरीच्या आक्रोशाविषयी जे लिहिले आहे ते येथे अक्षरशः लागू पडते.

परंतु हक्क असणे वेगळे आणि त्या हक्काने जगता येणे वेगळे. मुक्तीची वार्ता कानी पडली पाहिजे, ती खरी आहे असा भरवसा वाटला पाहिजे, आणि तिच्यावर विसंबून पाऊल उचलले तर कोणी जीव घेणार नाही अशी परिस्थिती असली पाहिजे. तोपर्यंत हक्क हा पेटीत बंद ठेवलेल्या दस्तऐवजासारखा असतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ही कथा सांगताना पुष्कळदा असे सांगतात की, त्या काळी तारा व रस्ते नव्हते, म्हणून बातमीला वाटेत उशीर झाला. हे बरोबर नाही. जाहीरनाम्याची बातमी टेक्सासच्या वर्तमानपत्रांना पोहोचली होती. मालकांना ती ठाऊक होती. गुलामांपैकीही अनेकांनी कुजबुजीतून ती ऐकली होती. उणीव होती ती बातमी अमलात आणणाऱ्या सत्तेची, आणि ज्यांना ती ठाऊक होती त्यांच्या इच्छेची. हुकूम निघाल्यावरदेखील काही मालकांनी हंगामाचे पीक हाती येईपर्यंत आपल्या गुलामांना काही सांगितले नाही. तेव्हा हा उशीर वाटेचा नव्हता, मनाचा होता. ज्याला सांगण्यात तोटा होता तो गप्प बसला.

गप्प बसलेली मंडळी

गप्प बसणाऱ्यांत ख्रिस्ती लोक होते, हे आपण लपवू नये. ते मालक रविवारी उपासनेला जाणारे होते. गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेतील मेथडिस्ट मंडळीत १८४४ साली फूट पडली, आणि १८४५ साली दक्षिणेच्या बाप्टिस्टांनी आपले वेगळे अधिवेशन स्थापन केले. त्यांनी त्या पापाबद्दल जाहीर क्षमा मागितली ती १९९५ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी. लंडनमध्ये १८०७ साली वेस्ट इंडीज बेटांतील गुलामांसाठी शास्त्राचे निवडक भाग छापण्यात आले. त्यात इस्राएलाच्या मिसरातून सुटकेची कथा गाळलेली होती. ख्रिस्तामध्ये दास व स्वतंत्र हा भेद राहात नाही असे सांगणारे गलतीकरांस पत्राचे वचन (३:२८) तेही गाळलेले होते. कात्री लावणाऱ्यांना पवित्र शास्त्र चांगले समजत होते, असेच म्हणावे लागते. त्यातली कोणती पाने बेड्या तोडतात हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

आपल्या भागाशीही याचा संबंध आहे. ज्या अमेरिकन बोर्डाने मराठी लोकांत काम करण्यास १८१३ साली मुंबईस मिशनरी पाठवले, त्याच बोर्डावर १८४० नंतरच्या वर्षांत टीका झाली की, ते गुलामगिरीविरुद्ध स्पष्ट बोलत नाही, आणि चेरोकी व चोक्टॉ लोकांतील त्याच्या मंडळ्यांत गुलाम बाळगणाऱ्यांना सभासद म्हणून राहू देते. त्या मौनाला कंटाळून काहींनी १८४६ साली अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही निराळी संस्था काढली, आणि युद्धानंतर तिने मुक्त झालेल्यांसाठी शाळा व महाविद्यालये उघडली. एकाच मंडळीत असे दोन्ही प्रकारचे लोक होते. ज्यांनी आपल्या पूर्वजांपर्यंत सुवार्ता आणली त्यांचे आपण ऋणी आहोत; पण ऋण मानणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे.

दिलेली मुक्ती परत घेतली तर?

यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. तो रविवारच्या शाळेत क्वचितच शिकवला जातो. बाबेलच्या फौजेने यरुशलेमेस वेढा घातला होता. राजा सिद्कीया याने लोकांशी करार करून सर्व इब्री दासदासींना मुक्त करविले. पुढे वेढा सैल झाला, संकट टळल्यासारखे वाटले, आणि त्याच लोकांनी मुक्त केलेल्यांना धरून आणून पुन्हा दास केले. संदेष्ट्याच्या तोंडून आलेला देवाचा न्याय तेथे फार कठोर आहे.

अमेरिकेतही तसेच घडले. ६ डिसेंबर १८६५ रोजी राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती मंजूर होऊन गुलामगिरी सर्व देशात बेकायदा झाली. पण त्या दुरुस्तीत अपराधाची शिक्षा म्हणून सक्तीचे काम घेण्यास मोकळीक ठेवली होती. दक्षिणेच्या राज्यांनी लागलीच असे कायदे केले की काम नसलेला कृष्णवर्णीय हाच अपराधी ठरावा. मग त्याला पकडून कैदी म्हणून खाणींत व मळ्यांत भाड्याने देता येई. १८७७ नंतर उत्तरेने दक्षिणेतून आपला हात काढून घेतला, आणि मतदानाचा हक्कही बहुतेकांच्या हातून गेला. वेढा उठला, करार मोडला.

याचे मूळ आणखी एका उणिवेत आहे. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात आज्ञा आहे की, दासाला मुक्त करशील तेव्हा त्याला रिकाम्या हाताने पाठवू नको. आपल्या कळपातून, खळ्यातून व द्राक्षकुंडातून त्याला उदारपणे दे. १२ जानेवारी १८६५ रोजी सव्हाना शहरात वीस कृष्णवर्णीय उपदेशकांनी जनरल शर्मन यांची भेट घेतली. त्यांच्या वतीने बोलणारे ६७ वर्षांचे बाप्टिस्ट पाळक गॅरिसन फ्रेझियर यांनी सांगितले की, आम्हांला जमीन मिळाली तर आम्ही ती कसून आपले पोट भरू. चार दिवसांनी शर्मन यांनी किनाऱ्यालगतची जमीन कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत वाटण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी नवे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत देवविली. ब्रिटिश पार्लमेंटने तर १८३३ च्या कायद्याने गुलामांच्या मालकांना २ कोटी पौंड भरपाई दिली, आणि राबलेल्यांना एक कवडीही दिली नाही. मोशेच्या नियमशास्त्राहून हे किती उलट!

आपल्याकडे पाहू

१८७३ साली पुण्यात जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि ते अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांस अर्पण केले. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या या पुरुषाने ती दूरदेशीची बातमी ऐकली, आणि माझ्या घरच्या दास्याचे काय, हा प्रश्न लगेच विचारला. बातमी ऐकण्याची खरी रीत हीच होय.

कारण एका ठिकाणची मुक्ती कधी कधी दुसऱ्याच्या गळ्यात पडते. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी संपताच उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले, आणि १८३४ पासून हिंदी माणसे कराराने मॉरिशसला नेण्यात येऊ लागली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही त्या बेटावर आहेत. मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी हा दास्यमुक्तीचा सण असतो आणि २ नोव्हेंबर हा हिंदी मजुरांच्या आगमनाचा दिवस. हे दोन दिवस शेजारी ठेवून पाहिले की पुष्कळ समजते.

आपल्या देशात १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीला न्यायालयात आधार उरला नाही. घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगार निषिद्ध ठरवली. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीची पद्धत रद्द झाली, तिच्यापोटीचे कर्ज फेडण्याची जबाबदारी संपली, आणि असे काम करवून घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठरली. तक्रारीसाठी जिल्हाधिकारी व दक्षता समित्या नेमून दिल्या. जाहीरनामा असा कधीच निघाला आहे. पण वीटभट्टीवर उचल घेऊन आलेले कुटुंब, ज्याची उचल हंगामामागून हंगाम फिटतच नाही, त्याला तो कोणी वाचून दाखवला आहे काय? बेळगावकडच्या साखर पट्ट्यात असो की आणखी कोठे, मुकादमाच्या वहीतला आकडा स्वतः वाचता येत नाही म्हणून जो निमूटपणे अंगठा उठवतो, त्याच्यासाठी १९ जून अजून उजाडायचा आहे. उचल घेणारा प्रत्येक मजूर वेठबिगार असतो असे आमचे म्हणणे नाही. पण ज्याला सोडून जाता येत नाही त्याला कायदा काय म्हणतो, हे कोणीतरी सांगायला हवे.

मंडळीच्या आतही पाहावे. गलतीकरांस पत्राचे ते वचन आपल्या पवित्र शास्त्रातून कोणी कापलेले नाही. ते आपण उपासनेत मोठ्याने वाचतो. मात्र मुलामुलींच्या सोयरिकी जुळवताना पूर्वीच्या जातीची चौकशी हळूच होते, तेव्हा त्या पानाला कात्री न लावताच ते गाळले जाते.

चार कुष्ठरोगी

शोमरोनास वेढा पडला असताना वेशीजवळ बसलेल्या चार कुष्ठरोग्यांची गोष्ट राजांच्या दुसऱ्या पुस्तकात (७ वा अध्याय) आहे. शत्रू पळून गेल्याचे प्रथम त्यांना कळले. ते तंबूत शिरले, खाल्ले प्याले, सोने लपवून ठेवले; आणि मग त्यांनाच आतून टोचणी लागली की, आपण करतो ते ठीक नाही; आज शुभवार्तेचा दिवस आहे आणि आपण गप्प बसलो आहो. शहरात लोक उपाशी मरत होते, आणि सुटका तर आधीच झालेली होती. फक्त सांगणारा हवा होता.

आम्हांस वाटते की जूनटीन्थचा अर्थ येथे सापडतो. या सणासाठी लोकांनी जाहीरनाम्यावर सही झाल्याचा दिवस निवडला नाही. अगदी शेवटल्या टोकाच्या माणसांना तो ऐकू आला तो दिवस निवडला. मुक्तीची पूर्तता सहीने होत नाही, शेवटच्या माणसाच्या कानी ती पोहोचते तेव्हा होते. मग उशिरा आलेल्या न्यायाचा आनंद करावा काय? करावा. उशीर माफ झाला म्हणून नव्हे, तर उशीर करणाऱ्यांना ती वार्ता कायमची दाबता आली नाही म्हणून. वधस्तंभावर आपले तारण पूर्ण झाले. तरी ज्याला ते अजून कोणी सांगितले नाही, त्याच्या बाबतीत उशीर चालूच आहे, आणि तो उशीर आता आपल्याकडे आहे. नासरेथच्या सभास्थानात प्रभु येशूने धरून नेलेल्यांची सुटका ही आपल्या सेवेच्या आरंभीच जाहीर केली (लूक ४:१८). म्हणून आत्म्याची मुक्ती सांगू, देहाच्या बेड्यांविषयी बोलणार नाही, अशी वाटणी त्याच्या शिष्यांना करता येत नाही.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना आमची एक सूचना आहे. जून महिन्यात शाळा नव्याने सुरू होतात, तेव्हा १९ तारखेच्या जवळच्या रविवारी निर्गमाचा बारावा व यिर्मयाचा चौतिसावा हे दोन अध्याय जोडीने शिकवावेत, आणि मोठ्या मुलांना विचारावे की, मुक्त असून ज्याला ते ठाऊक नाही अशी माणसे आपल्या गावात कोण आहेत? मुले उत्तर देतील. ते ऐकण्याची तयारी मात्र वडीलधाऱ्यांनी ठेवावी. आणि मंडळीत एखादा शिकलेला तरुण असेल तर त्याने १९७६ चा तो कायदा मराठीत वा कानडीत समजून घेऊन जवळच्या भट्टीवर एकदा जावे. फार काही करायचे नाही. वाचून दाखवायचे, आणि गरज पडली तर जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीपर्यंत त्या माणसाबरोबर चालायचे.

अडीच मैल चालायला फार वेळ लागत नाही. आपल्या पायांना सुवार्तेच्या तयारीचे जोडे घालण्यास प्रभु आपणां सर्वांस साह्य करो.